कोटावरचे फूल आणि कायद्याचा काटा

११ नोव्हेंबर हा पहिल्या महायुद्धाच्या समाप्तीचा दिवस जवळ आला की ब्रिटनमध्ये मंत्र्यांपासून टपालवाल्यांपर्यंत अनेकांच्या छातीवर लाल कागदी फूल दिसू लागते. फ्लँडर्सच्या रणभूमीवर उगवणाऱ्या रानखसखशीचे, म्हणजे पॉपीचे, हे फूल तेथे १९२१ पासून युद्धात पडलेल्यांचे स्मृतिचिन्ह आहे. २०१८ साली युद्धसमाप्तीच्या शताब्दीनिमित्त रॉयल ब्रिटिश लीजन ह्या संस्थेने ते खादीचेही काढले. अविभक्त हिंदुस्थानच्या सैनिकांचे ऋण मान्य करणे हा त्यामागचा हेतू होता. त्या सैनिकांच्या मुलुखांतून गेलेली असंख्य कुटुंबे आज ब्रिटनची रहिवासी आहेत. तेव्हा ह्या देशाच्या इतिहासात तुमचाही वाटा आहे, असे स्थलांतरितांना सांगणे हाही त्या फुलाचा अर्थ होता.

हे सांगणे निरर्थक नव्हते. त्या युद्धात हिंदुस्थानातून १३ लाखांहून अधिक माणसे गेली. ७४ हजारांहून अधिक परतली नाहीत. मेसोपोटेमियातील कूत येथे सुमारे पाच महिन्यांच्या वेढ्यानंतर २९ एप्रिल १९१६ रोजी ज्या फौजेने शरणागती पत्करली, ती सहावी पुणे डिव्हिजन होती आणि तीत मराठा पलटणीही होत्या. एवढे होऊनही ‘तुम्ही येथे आलातच कशाला?’ हा प्रश्न स्थलांतरितांच्या नातवंडांना ऐकावा लागला. विस्मृतीवर असे एखादे चिन्ह उतारा ठरू शकते, हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु खरा प्रश्न पुढेच आहे. हे खादीचे फूल पंतप्रधान थेरेसा मे ह्यांनीही धारण केले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये त्यांच्या गृहमंत्री अँबर रड ह्यांना विंडरश प्रकरणात राजीनामा द्यावा लागला होता. १९४८ साली ‘एम्पायर विंडरश’ जहाजातून कॅरिबियन बेटांतील लोक ब्रिटनला आले. पुढील दोन तपांत राष्ट्रकुलातून, भारतातूनही, आणखी पुष्कळ आले. १९७३ पूर्वी स्थायिक झालेल्यांचा राहण्याचा हक्क १९७१ च्या कायद्याने मान्य केला होता. मात्र बहुतेकांच्या हाती त्याचा कागद नव्हता.

गृहमंत्री असताना मे ह्यांनी २०१२ साली बेकायदा स्थलांतरितांसाठी ‘प्रतिकूल वातावरण’ निर्माण करण्याचे धोरण जाहीर केले. २०१४ व २०१६ च्या कायद्यांनी घरमालक, नोकरी देणारे आणि बँका ह्यांना कागदपत्रे तपासण्याच्या कामास जुंपले. ज्यांनी चाळीस-पन्नास वर्षे कर भरला, त्यांच्याकडे प्रत्येक वर्षाच्या वास्तव्याचा पुरावा मागण्यात आला. आणि ज्या नोंदींतून तो कदाचित मिळाला असता, ती आगमनपत्रे गृहखात्याने २०१० च्या सुमारास नष्ट केलेली होती. ही बाब वरवर कारकुनी वाटते. अन्याय नेमका तेथेच घडला. कोणाची नोकरी गेली, कोणाचे औषधोपचार थांबले, आणि किमान ८३ जणांना देशाबाहेर घालविल्याचे सरकारी तपासणीतच आढळले. २०२० च्या चौकशी अहवालाने गृहखात्याच्या अज्ञानावर व बेफिकिरीवर ठपका ठेवला. नुकसानभरपाईची योजना २०१९ मध्ये सुरू झाली. परंतु ती हाती पडण्यापूर्वीच अनेकांनी जगाचा निरोप घेतला.

एका हाताने गौरव आणि दुसऱ्या हाताने अविश्वास, ही ब्रिटिश राज्यकर्त्यांची रीत नवी नाही. हिंदी सैनिकांच्या शौर्याचे गोडवे गाइले जात असतानाच मार्च १९१९ मध्ये रौलट कायदा आला. त्या विश्वासभंगातून जे असहकाराचे आंदोलन उभे राहिले, त्याचे वस्त्र खादी होते. शंभर वर्षांनी त्याच खादीचे फूल ब्रिटिश पंतप्रधानांच्या वेषावर झळकावे, ह्यात इतिहासाचा न्याय आहे आणि उपरोधही आहे.

ह्यावरून फूल लावणाऱ्या सामान्य नागरिकाची भावना खोटी ठरत नाही. शेजाऱ्याविषयीचा आदर उघडपणे दाखविण्यास कधी कधी धैर्यही लागते. मात्र ज्याच्या हाती सत्ता आहे, त्याच्या आदराची परीक्षा छातीवरील चिन्हाने होत नाही. ती अर्जाच्या नमुन्यात, पुराव्याच्या अटींत आणि खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याच्या वर्तनात होते. मृत सैनिक काहीच मागत नाहीत, म्हणून त्यांचा सन्मान सोपा असतो. त्यांच्या मुलुखांतून आलेली जिवंत माणसे हक्क मागतात. तो त्यांना बिनतक्रार मिळू लागेल, तेव्हाच त्या फुलाचे ऋण फिटले असे म्हणता येईल.