पुन्हा तीर्थनच्या पाण्यात

फ्लाय फिशिंगमध्ये वजन गळाला नसते, दोरीला असते. पिसे आणि दोरा गुंडाळून केलेली कृत्रिम माशी इतकी हलकी, की ती नुसती फेकताच येत नाही. जड दोरी आधी हवेत मागे पूर्ण उलगडू द्यायची आणि मगच पुढे सोडायची. मधली ती क्षणभराची उसंत मनगट सगळ्यात आधी विसरते. अनेक वर्षांनी जुन्या मित्राबरोबर हिमाचलातल्या तीर्थन नदीत उतरलो, तेव्हा “थांब, घाई करू नकोस,” एवढेच तो सांगत होता. नोकऱ्या, बदल्या, आजारपणे यांत गेलेल्या वर्षांचा हिशेब आम्ही मांडला नाही. पाण्यात शेजारी उभे राहिल्यावर मैत्रीला त्याची गरज उरत नाही, असे मला मनापासून वाटते.

इथला ब्राउन ट्राउट मूळचा हिमालयातला नव्हे. इंग्रजांनी तो आणला. त्याला थंड, वाहते, प्राणवायूने भरलेले पाणीच लागते. तीर्थनवर जलविद्युत प्रकल्प नकोत, असा आग्रह खोऱ्यातल्या लोकांनी धरला, सरकारने तो मानला, म्हणूनच हे पाणी टिकले. नद्यांवरचा हा अंक काढताना तोच आग्रह माझ्या डोळ्यांसमोर होता.

वाचकहो, दुरावलेल्या मित्राला हाक मारा आणि नदीवर जा. हिमाचलात जाणार असाल तर मत्स्य विभागाचा परवाना काढा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा ट्राउटच्या विणीचा बंदीकाळ पाळा, आणि मासा लागला तर हात ओले करूनच त्याला धरा व परत पाण्यात सोडा.