पेटीवरील नांवांचें व्याकरण

शब्दार्थाचा विचार करतांना आपल्या शास्त्रकारांनीं शब्दांचे यौगिक, रूढ व योगरूढ असे भेद केले आहेत. 'पाचक' म्हणजे शिजविणारा. अवयवांवरून अर्थ निघतो, म्हणून हा यौगिक. 'मंडप' शब्द फोडल्यास 'पेज पिणारा' असा अर्थ होईल, पण तो कोणी घेत नाहीं, हा रूढ. 'पंकज' म्हणजे चिखलांत जन्मलेलें खरें, तरी बेडकास पंकज म्हणत नाहींत, हा योगरूढ. संगणकाचा मदरबोर्ड विकत घेतांना हा भेद फार उपयोगीं पडतो, असें आम्हांस वाटतें.

प्रोसेसर, मेमरी इत्यादि सर्व अवयव ज्यावर बसवितात तो मदरबोर्ड. त्याच्या पेटीवर 'टफ गेमिंग बी ७६०-प्लस वायफाय डी ४' अशी लांबलचक नामावळी आढळते. पैकीं 'टफ', 'गेमिंग' हीं विकणाराचीं बिरुदें, म्हणजे केवळ रूढ; तीं फोडूं नयेत. 'गेमिंग' हा शब्द पेटीवर नसला म्हणून खेळ अडत नाहींत.

'बी ७६०' हें चिपसेटचें नांव योगरूढ होय. इंटेलच्या अशा नांवांत पहिला अंक पिढी सांगतो. अक्षर व उरलेले दोन अंक दर्जा सांगतात. एच १०, बी ६०, झेड ९० या चढत्या पायऱ्या. म्हणून २०२५ सालचा एच ८१० हा आंकड्यानें मोठा असला, तरी २०२२ सालच्या झेड ७९० हून खालच्या पायरीचा आहे. शिवाय ६०० व ७०० या मालिकांचें सॉकेट एलजीए १७००, तर ८०० चें एलजीए १८५१. एकाचा प्रोसेसर दुसऱ्यांत बसत नाहीं. एएमडीचा बी ८४० हा बी ८५० चा किंचित् धाकटा भाऊ वाटतो. परंतु बी ८५० वर प्रोसेसरची गति आपण वाढवूं शकतों, बी ८४० वर नाहीं. येथें रूढीच पाहिली पाहिजे.

शेपटाकडील अक्षरें मात्र यौगिक, आणि खरा पैसा तेथेंच बुडतो. 'डी ४' म्हणजे डीडीआर ४ मेमरी. तीं दोन अक्षरें नसलेला त्याच नांवाचा भाऊबंद डीडीआर ५ मागतो, आणि दोहोंच्या खांचा निराळ्या. जुन्या संगणकांतील मेमरी नव्यांत चालवूं, असा काटकसरीचा हिशेब करणाऱ्या कुटुंबास मग मेमरीही नवी घ्यावी लागते. आंकड्यास चिकटलेला 'एम' बहुधा लहान आकार दाखवितो.

नांव सोनूबाई आणि हातीं कथलाचा वाळा, असें होऊं नये म्हणून सॉकेट, मेमरीचा प्रकार व आकार या तीन गोष्टी आधीं कागदावर लिहाव्या. मग पेटीवरील पूर्ण नांव घेऊन निर्मात्यानें प्रसिद्ध केलेल्या यादींत आपला प्रोसेसर व त्यास लागणारी बायॉसची आवृत्ति पाहावी. मुलांनीं एवढा अभ्यास केल्यावर वडीलधाऱ्यांनीं पैसे देतांना मागेंपुढें पाहूं नये.