गाण्यातली शक्ती कुणाच्या हातात?



डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या उमरगा तालुक्यातील तीन मुली घरातून निघाल्या. एक अकरा वर्षांची, दोघी तेरा वर्षांच्या. पुण्यात काम करून पैसे साठवायचे आणि दक्षिण कोरियात जाऊन ‘बीटीएस’ या गायकांना भेटायचे, असा त्यांचा बेत होता. त्यासाठी त्यांनी अपहरणाचा बनाव रचला. पोलिसांनी मोहोळच्या बसस्थानकावर त्यांना एसटीतून उतरवून घेतले. बातमी वाचून कुणी हसले, कुणी मुलींचे मोबाईल काढून घ्या म्हणाले. त्या मुली मोठ्या संकटात सापडू शकल्या असत्या, हे खरेच. पण घर सोडण्याइतके बळ त्यांना गाण्यांतून का मिळावे, हा प्रश्न आपण स्त्री संघटनांनी तरी विचारायला हवा.

आवडत्या गायकांवर, सिनेमातल्या पात्रांवर आज अनेक मुली स्वतःच्या कथा लिहितात. त्यांना ‘फॅन फिक्शन’ म्हणतात. त्यातल्या काही कथांत गाणे सुरू झाले की नायिकेला अद्भुत शक्ती मिळते. २०२५ सालच्या ‘केपॉप डीमन हंटर्स’ या चित्रपटातही तीन गायिका गाण्याच्या बळावर राक्षसांशी लढतात. आमच्या वस्तीतल्या किशोरी गटात एका मुलीने अशीच गोष्ट लिहिली. कानात गाणे वाजू लागताच तिची नायिका अदृश्य होते आणि चौकातली टपरी ओलांडून क्लासला जाते. पुढे भाऊ मोबाईल हिसकावतो आणि शक्ती संपते. या मुलीला जग जिंकायचे नाही. तिला टपरीवरच्या नजरा चुकवून रस्त्याने चालायचे आहे. तिच्या अडचणींची यादी याहून स्पष्ट कोणत्या सर्वेक्षणात मिळणार?

हे आपल्याकडे नवे नाही. जात्यावर बसलेल्या बायकांनी रामायणातली सीता आपल्या ओव्यांत आणली, तिच्या वनवासात आपला सासुरवास गायला. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. १९९६ साली माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांकडून बाबासाहेबांवरच्या ओव्याही ध्वनिमुद्रित झाल्या. आपल्या मोर्च्यांतही सिनेमाच्या चालींवर नवे शब्द बसवून गाणी झालीच. पुराणातली असो वा पडद्यावरची, दुसऱ्याची गोष्ट घेऊन बायांनी आपले म्हणणे त्यात घातले आहे.

फरक आहे तो साधनाचा. ओवी तोंडपाठ होती, ती कुणी काढून घेऊ शकत नव्हते. आजच्या मुलीचे गाणे मोबाईलमध्ये आहे आणि मोबाईल अनेक घरांत भावाच्या किंवा बापाच्या ताब्यात. गाणी विकणाऱ्या कंपन्यांना तिच्या टपरीशी देणेघेणे नाही. शिवाय कथेतली नायिका बहुधा एकटीच लढते. जात्यावर मात्र समोर दुसरी बाई बसलेली असे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातल्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झाले होते. बीड जिल्ह्यात हे प्रमाण सुमारे ४४ टक्के होते. मुलगी फोनवर काही लिहिते, एवढ्या संशयावरून शाळा सुटते आणि स्थळे पाहणे सुरू होते. म्हणून या कथांकडे थिल्लरपणा म्हणून पाहणे आपल्याला परवडणारे नाही.

येत्या शिबिरांत मुलींना त्यांच्या गोष्टी वाचून दाखवायला सांगू या. लिहिणारीची परवानगी असेल तरच, आणि घरी काही कळणार नाही याची हमी देऊनच. नायिकेला कोणती शक्ती मिळाली आणि ती कुठे संपली, एवढे दोनच प्रश्न विचारू. टपरीचा प्रश्न निघाला तर त्या रस्त्याने मुलींसोबत पाचपंचवीस जणींनी चालावे. मोबाईलचा निघाला तर पालकांशी बोलावे. तुमच्या गटातल्या मुली काय लिहितात, ते आम्हाला जरूर कळवा.

— संपादक