जुनी गाडी घेताय? आधी कागद, मग इंजिन

धंद्यासाठी सेकंडहँड छोटा हत्ती घ्यायला निघालात की जो तो सांगतो, "मेकॅनिक सोबत ने." न्याच. पण माझं मत विचाराल तर मेकॅनिकच्या आधी कागद बघा. इंजिनचं काम पैसे घालून होतं. कागदात अडकलेली गाडी मात्र दारात उभी राहते आणि तुमचा हप्ता चालू राहतो.

आरसीवर बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा असेल, तर एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. चेसिस नंबर स्वतः जुळवा. इन्शुरन्स, टॅक्स, थकलेली चलानं तपासा. फिटनेस कधी संपतंय? मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की ते दरवर्षी करावं लागतं. तो खर्च भाव ठरवतानाच धरा.

मग गाडीकडे वळा. इंजिन थंड असताना चालू करायला सांगा. निळसर धूर आला तर ते ऑइल जाळतंय. टायर एकाच बाजूने झिजले असतील, तर अलाइनमेंट आणि चेसिस मेकॅनिकला नीट बघायला लावा. आणि रिकामी गाडी सगळ्यांचीच छान पळते. माल भरून चढावर चालवून बघा.

मालक म्हणाला, "दुसरं गिऱ्हाईक थांबलंय," तर खुशाल जाऊ द्या. गाड्या बाजारात पुष्कळ आहेत. तुमचं भांडवल एकदाच जमलंय.