पुनःप्रत्यय आणि विस्मरण

'ब्रिजर्टन' या मालिकेचे दुसरे पर्व मार्च 2022 मध्ये नेटफ्लिक्सवर आले, तेव्हा आपल्याकडील कौतुकाचा सूर एकच होता : अखेर आपण दिसलो. 1814 च्या लंडनमध्ये मुंबईहून आलेली केट शर्मा, धाकट्या बहिणीच्या केसांना तेल लावणारे तिचे हात, लग्नाआधीची हळद आणि तंतुवाद्यांवर वाजणारी 'कभी खुशी कभी गम'ची धून. मराठी समीक्षेत ज्याला पुनःप्रत्ययाचा आनंद म्हणतात, तो हाच. हे पर्व माझ्याही आवडीचे आहे आणि मी ते अनेकदा पाहिले आहे. म्हणूनच म्हणायचे आहे, की या आनंदाची आपण फार मोठी किंमत मोजत आहोत.

'दीदी', 'अप्पा' आणि बंगाली 'बोन' एकाच घरात कसे, हा नेहमीचा आक्षेप किरकोळ आहे. एखाद्या जाणकाराचा सल्ला घेतला असता तर तो मिटला असता. मुंबईवर राज्य कोणाचे होते, हा प्रश्न मात्र अशा सल्ल्याने मिटणारा नाही, आणि कथानकाचे त्यावाचून काहीच अडत नाही. केट इंग्रजी चहा नाकारते, मसाल्याचा चहा स्वतः करून घेते. आपण खूश होतो. तो इंग्रजी चहा त्या काळी चीनहून येत होता. 1813 च्या सनदी कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीची हिंदुस्थानच्या व्यापारातील मक्तेदारी गेली, तरी चहाची मक्तेदारी तिच्याचकडे राहिली. मालिकेने एवढे राजकारण चवीच्या आवडीनिवडीत विरघळवून टाकले.

'ही कल्पनारम्य कथा आहे, तिच्याकडे इतिहास कशाला मागता?' असे यावर विचारले जाईल. पण राजाने शार्लटशी विवाह केला म्हणून कृष्णवर्णीयांना उमरावांत स्थान मिळाले, हा इतिहास पहिल्या पर्वात मालिकेनेच रचला. वर्णाला कारण द्यायचे आणि साम्राज्याला द्यायचे नाही, ही कल्पनेची मुभा नव्हे. ही निवड आहे.

त्याच 1814 साली जेन ऑस्टेनची 'मॅन्सफील्ड पार्क' प्रसिद्ध झाली. तीत फॅनी गुलामांच्या व्यापाराविषयी सर थॉमसना विचारते आणि सगळे गप्प बसतात. एडवर्ड सईद यांनी 1993 मध्ये या कादंबरीचे वाचन करून असे मौन ऐकण्याची सवय आपल्याला लावली. ऑस्टेनकडे निदान प्रश्न होता आणि त्यानंतरची शांतता होती. इथे शांतताही नाही, पार्श्वसंगीत आहे.

खेद याचा, की सामग्री हाताशी होती. एडविनाने इंग्रज सरदाराशी लग्न केले तरच शेफील्ड घराण्याकडून पैसा मिळणार, या अटीवर सारे कथानक उभे आहे. जूलिया क्विन यांच्या मूळ कादंबरीत केट शर्मा नाही, केट शेफील्ड आहे. तिला मुंबईची केल्याबरोबर या अटीचा अर्थ पालटतो : मुलीचे मोल इंग्रज रक्ताशी जोडले जाते. मालिका मात्र तो दोष दोन तुसड्या म्हाताऱ्यांच्या स्वभावावर ढकलून मोकळी होते.

प्रथम पाहताना आपण विचारतो, अँथनी आणि केट यांचे जमेल का? पुन्हा पाहताना विचारायला हवे, कोणत्या अटीवर जमले? आपल्या वर्गांतून 'प्रतिनिधित्व' ही संज्ञा सध्या प्रशस्तिपत्रासारखी वाटली जाते. पडद्यावर आपले दिसणे हा न्यायाचा आरंभ असू शकतो, न्याय नव्हे. हळद पाहून आपण इतके भारावणार असू, तर आपल्याला विसरायला लावणे फारच स्वस्त झाले आहे.