ती चरबी टाकून देऊ नका

प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन ठरलं की घरची माणसं सर्जनला हमखास तीन गोष्टी विचारतात. खर्च किती येईल, रोबोटने करणार का, आणि लघवीवरचा ताबा राहील ना? तिन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांना आज मी चौथा जोडायला सांगणार आहे: प्रोस्टेट ग्रंथीबरोबर आजूबाजूचं जे काही काढाल, ते सगळं तपासायला जाणार का?

प्रोस्टेट मूत्राशयाच्या खाली, जांघेच्या मधल्या हाडामागे असते. तिच्या पुढच्या अंगावर पिवळ्या चरबीचा थर असतो. त्याखाली शिरांचा जुडगा असतो आणि तो दिसल्याशिवाय, नीट बांधल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण रक्तस्रावाची मोठी भीती तिथेच. म्हणून पोट उघडून केलेलं ऑपरेशन असो की रोबोटने, ही चरबी बहुतेक वेळा आधी सोडवून काढावी लागते. त्यानंतर तिचं काय होतं, हे ज्या त्या ऑपरेशन थिएटरच्या रिवाजावर असतं. काही ठिकाणी ती वेगळं लेबल लावून फॉर्मालिनच्या बाटलीत जाते, काही ठिकाणी कचऱ्यात.

बरीच वर्षं ही नुसती चरबीच समजली गेली. मग काही केंद्रांनी ती नेमाने तपासायला सुरुवात केली, तेव्हा काही रुग्णांच्या चरबीत बारीक लसिका ग्रंथी सापडल्या. अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या चार हजारांहून अधिक ऑपरेशनांच्या पाहणीत, साधारण शंभरातल्या एकाच्या या ग्रंथींत कॅन्सर पोचलेला होता. त्यातल्या अनेकांच्या कटिभागातल्या नेहमीच्या ग्रंथी स्वच्छ होत्या. म्हणजे चरबी फेकली असती, तर ‘प्रसार नाही’ असा रिपोर्ट हातात घेऊन ही माणसं घरी गेली असती.

शंभरात एक हा आकडा लहान आहे, हे मान्य. पण त्यासाठी मोजायचं काय? जास्तीचा एकही छेद नाही. एक बाटली, मेणाचे एकदोन ब्लॉक आणि पॅथॉलॉजिस्टचा थोडा वेळ. ते काम पाहण्यासारखं असतं. ट्रेमधला चरबीचा गोळा बोटांच्या चिमटीत दाबत दाबत पुढे सरकायचं, कुठे मसुराएवढं टणक काही लागतंय का बघायचं. लागलं की तेवढं कापून वेगळ्या कॅसेटमध्ये. काहीच लागलं नाही तरी चरबी मेणात घालून सूक्ष्मदर्शकाखाली बघता येते, कारण दोन मिलिमीटरची ग्रंथी बोटांना चकवते.

लसिका ग्रंथीत कॅन्सर मिळाला की रोगाची अवस्था ‘एन-झिरो’वरून (ग्रंथींत प्रसार नाही) ‘एन-वन’वर (प्रसार आहे) जाते आणि पुढचा बेत बदलू शकतो. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या मेसिंग यांच्या अमेरिकी चाचणीत ग्रंथींत प्रसार असलेले ९८ रुग्ण होते. ऑपरेशननंतर लगेच हार्मोन उपचार दिलेल्या ४७ जणांपैकी ७ दगावले, थांबून उपचार दिलेल्या ५१ पैकी १८. तेव्हा ‘थांबणं’ म्हणजे हाडांत रोग दिसेपर्यंत किंवा त्रास होईपर्यंत थांबणं होतं. आज रक्तातलं पीएसए, म्हणजे प्रोस्टेटची खूण सांगणारं प्रथिन, वाढू लागताच हालचाल होते, त्यामुळे ते आकडे जसेच्या तसे आजच्या रुग्णाला लावता येणार नाहीत. तरी एन-वन रुग्णावर बारीक नजर ठेवावी लागते, रेडिएशन आणि हार्मोनचा विचार लवकर करावा लागतो, हे कोणीही नाकारत नाही.

इथे एक गल्लत होऊ द्यायची नाही. कटिभागातल्या ग्रंथी खोलवर जाऊन काढणं हा निराळा मामला आहे. तिथे वेळ लागतो, लसिकेचं पाणी साचतं, पायाला सूज येऊ शकते, शिरेत गुठळी होण्याची भीती असते. साओ पाउलोत ३०० रुग्णांवर झालेल्या चाचणीत विस्ताराने ग्रंथी काढल्यावर प्रसार कितीतरी जास्त जणांत सापडला, पण सुरुवातीच्या वर्षांत पीएसए पुन्हा वाढण्याचं प्रमाण कमी झालं नाही. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंगमधल्या मोठ्या चाचणीतही आधी तेच दिसलं. पुढच्या पाठपुराव्यात मात्र दूरवर पसरण्याचं प्रमाण थोडं कमी आढळलं. वाद अजून मिटलेला नाही. म्हणून ते ऑपरेशन ज्याच्या रोगाचा धोका जास्त, त्याच्यासाठी, आणि समजावून सांगून. चरबीबाबत असा तोलमोल करायची गरजच नाही, कारण ती बहुतेक वेळा निघणारच असते.

‘पीएसएमए पेट स्कॅन केलाय, त्यात सगळं दिसलं असतं’, असंही ऐकवलं जातं. स्कॅन उत्तम आहे. ऑस्ट्रेलियातल्या ३०२ रुग्णांच्या चाचणीत प्रसार ओळखण्यात त्याची अचूकता ९२ टक्के आली, तर सीटी आणि हाडांच्या स्कॅनची मिळून ६५. पण एकदोन मिलिमीटरचा ठिपका त्यालाही निसटतो.

ऑपरेशननंतर रिपोर्ट हातात आला की शेवटच्या ओळीवर उडी मारू नका. वर नमुन्यांची यादी असते: प्रोस्टेट, वीर्यकोश, उजव्या ग्रंथी, डाव्या ग्रंथी. त्यात पुढची चरबी आहे का ते पाहा. मुंबईत टाटा मेमोरियलला दुसरं मत घ्यायला गेलात, तर आधीचे ब्लॉक आणि स्लाइड मागतात आणि त्या नव्याने वाचतात. बाटलीत न गेलेल्या चरबीचा ब्लॉकच नसतो. तो पुढे कोणालाच वाचता येत नाही.