घाम एकच, नावे दोन

रविवारी पहाटे सातपूरला त्र्यंबक रोडवर उभे राहून पाहा. अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहरकडे ट्रेकला निघालेल्या मोटारी दिसतील. हेल्मेट घातलेले, गिअरच्या सायकलींवरचे तांडे दिसतील. त्याच रस्त्याने रात्रपाळी सुटलेला एमआयडीसीतला कामगार साध्या सायकलवर घरी परततो. पहिल्याला आपण सायकलपटू म्हणतो. दुसऱ्याला काहीच म्हणत नाही.

माझे अब्बा तीस वर्षे सायकलने कारखान्यात गेले. हँडलला डबा, पावसाळ्यात डोक्यावर प्लास्टिकची खोळ. त्यांच्यासाठी कुणी टाळी वाजवली नाही. उलट भाईजानच्या लग्नाच्या बोलणीत मुलीकडच्यांनी विचारले, "घरात अजून सायकलच?" हप्त्यावर मोटारसायकल आली तेव्हा रिश्ता पक्का झाला. आज भाईजानला शुगर आहे आणि डॉक्टर सांगतात, सायकल चालवा!

नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' पूर्ण केली. त्यांच्या जिद्दीला सलाम. पण अशा शर्यतीला जिद्दीसोबत सुट्टी, पैसा आणि मागून चालणारी मदतीची गाडीही लागते, हे आपण मुलांना सांगत नाही. मग मुलाला वाटते, कमी आपल्यातच आहे.

२०२२च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये काश्मीरचा आरिफ खान भारताचा एकमेव खेळाडू म्हणून स्कीइंगला उतरला, तेव्हा आपल्याही मोहल्ल्यांत छाती फुगली. त्याच्या वडिलांचे गुलमर्गला स्कीच्या साहित्याचे दुकान होते, हे किती जणांनी वाचले? बर्फ साऱ्या गावावर पडतो. घसरायला मिळते ते ज्याच्या घरात स्की आहे त्याला.

आपल्या जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत आठवा. आदिवासी मुली पाण्यासाठी डोंगर तुडवतच होत्या. कविताला मैदान आणि प्रशिक्षक मिळाला, तेव्हा २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्यपदक आले.

आता स्वतःकडे पाहू. मुलगी आठवीत गेली की आपण तिची सायकल काढून घेतो आणि मजहबचे नाव पुढे करतो. खरे कारण असते लोकलाज. मुलाला क्रिकेटसाठी गल्ली तरी असते, तिला गच्चीसुद्धा नाही. वर तक्रार करायची, की आपल्यात खेळाडू निघत नाहीत!

मागायचेच तर हे मागू या: कंपन्यांच्या गेटपर्यंत सायकलसाठी सुरक्षित पट्टा, कंत्राटी कामगाराला पगारी सुट्टी, वस्तीत मुलींनाही खेळता येईल असे मैदान. आणि मागण्याआधी आपल्या दाराची कडी काढू या.

अब्बांची काळी सायकल अजून दारात आहे. माझ्या पुतणीचा पाय सीटवरून पोचत नाही, म्हणून ती दांड्याखालून पाय घालून चालवते. शेजारी बघतात. बघू देत.